चुकीच्या वाक्याची जन्मकथा

स्पर्धा परीक्षेला बसलेल्या कोणालाही हा प्रश्न नव्याने समजावून सांगावा लागत नाही. एक इंग्रजी वाक्य चार तुकड्यांत तोडलेले असते. तुकड्यांखाली अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात. एका तुकड्यात चूक दडलेली असते. ती हेरायची आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल काळा करायचा. शिकवणीवर्गातले अनुभवी शिक्षक सांगतात, आधी क्रियापदाचा काळ बघा, मग तुलनेचा शब्द बघा; निम्म्या चुका तिथेच सापडतात.

माझी या प्रश्नाशी ओळख त्याआधीची आहे. आठवीत असताना एका निबंधात मी ‘मोर बेटर’ असे लिहिले. सरांनी ‘मोर’भोवती तांबड्या शाईचा गोल केला आणि ते वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखवले. वर्ग हसला. पुढे बी.ए.ला शेक्सपिअरचे ‘टेम्पेस्ट’ अभ्यासाला आले, आणि पहिल्याच अंकात प्रॉस्परोच्या तोंडी नेमके तेच दोन शब्द भेटले. प्राध्यापकांना विचारले, तर ते म्हणाले, “अरे, तो शेक्सपिअर आहे.” या उत्तराने माझे समाधान झाले नाही. शेक्सपिअरच्या काळी जे चालत होते, ते चालेनासे केव्हा झाले? कोणी ठरवले? आणि मुद्दाम चुकीचे वाक्य छापून ते मुलांकडून दुरुस्त करून घ्यायचे, ही कल्पना मुळात कोणाला सुचली? हा लेख या प्रश्नांच्या मागोव्यातून झाला आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर न्यूकॅसलमध्ये सापडते. इंग्लंडच्या उत्तरेकडील या बंदराच्या गावी अ‍ॅन फिशर नावाची एक शिक्षिका मुलींची शाळा चालवत असे. तिच्या इंग्रजी व्याकरणाची दुसरी आवृत्ती १७५० साली निघाली. हाताशी असलेली सर्वांत जुनी आवृत्ती तीच. या पुस्तकात तिने ‘वाईट इंग्रजी’चे नमुने दिले. वाक्ये जाणूनबुजून बिघडवलेली, आणि विद्यार्थ्याने ती नियमांच्या आधारे सुधारायची. लॅटिनच्या वर्गात अशी रीत होती. मुलांना अशुद्ध लॅटिन देऊन शुद्ध करायला लावत. फिशरने ती इंग्रजीत आणली.

तिचा हेतू ध्यानात घेण्यासारखा आहे. त्या काळी लॅटिन ही मोठ्या घरच्या मुलग्यांची विद्या होती. व्यापाऱ्याचा, कारागिराचा मुलगा किंवा कोणाचीही मुलगी त्या दारात सहसा पोचत नसे. फिशरने लॅटिनची परिभाषाच बाजूला सारली. नाम, विशेषण यांसाठी साधे इंग्रजी शब्द घेतले आणि शब्दांच्या जाती चारांवर आणल्या. लॅटिन न येणाऱ्याला आपली भाषा नीट लिहिता यावी, यासाठी चुकीचे वाक्य हे तिचे साधन होते. पुढे टॉमस स्लॅक या मुद्रकाशी तिचे लग्न झाले आणि पुस्तकाच्या तिसाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. म्हणजे आज जे वाक्य उमेदवारांना गाळण्यासाठी वापरतात, ते जन्माला आले तेव्हा दाराबाहेरच्यांना आत घेण्यासाठी होते.

ही पद्धत सर्वांनाच रुचली असे नाही. प्राणवायूच्या शोधासाठी आपण ज्याला ओळखतो त्या जोसेफ प्रीस्टलीने १७६१ साली इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्याने अशुद्ध वाक्यांचा उपयोग मान्य केला, पण आपल्या पुस्तकातून ती वगळली, कारण छापल्यावर ती फार बेंगरूळ दिसतात! त्याने सुचवलेला उपाय मजेशीर आहे. शिक्षकाने चांगल्या लेखकाचे पुस्तक हाती घ्यावे, मोठ्याने चुकीचे वाचावे आणि मुलांनी त्याला अडवावे. चूक शिक्षकाने करायची आणि हसायचे मुलांनी. माझ्या आठवीच्या वर्गात हा प्रयोग उलटा झाला होता.

आता ‘मोर बेटर’कडे वळू. शेक्सपिअरचा समकालीन आणि मित्र बेन जॉन्सन यानेही इंग्रजीचे व्याकरण लिहिले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. त्यात दुहेरी तुलनेला त्याने दोष दिलेला नाही. उलट ती भाषेची ऐट आहे, अथेन्सच्या लोकांच्या डौलदार बोलीसारखी आहे, अशी तिची वाखाणणी केली आहे. जोर द्यायचा तर ‘मोर’ही लावावा आणि ‘-अर’ही जोडावा, यात त्या पिढीला काही वावगे वाटत नव्हते.

सव्वाशे वर्षांत ही ऐट अपराध ठरली. १७६२ साली रॉबर्ट लाउथ याचे छोटेखानी व्याकरण प्रसिद्ध झाले. लाउथ हिब्रू काव्याचा मोठा अभ्यासक. पुढे तो ऑक्सफर्डचा आणि नंतर लंडनचा बिशप झाला. व्याकरण त्याने मुळात आपल्या लहान मुलासाठी लिहायला घेतले होते. त्याचे म्हणणे असे की सामान्य माणसांचे सोडा, इंग्रजीतले उत्तमोत्तम लेखकही व्याकरण चुकतात. म्हणून तळटीपांमध्ये त्याने चुकांचे दाखले दिले ते शेक्सपिअर, मिल्टन, स्विफ्ट, अ‍ॅडिसन यांचे, आणि खुद्द इंग्रजी बायबलचेही. दुहेरी तुलना त्याने अयोग्य ठरवली. ‘लेस’ हे रूप मुळातच तुलनावाचक असताना त्याला पुन्हा ‘-अर’ जोडून झालेले ‘लेसर’ त्याला रानटी वाटले. ‘लेसर’ मात्र आजही सुखाने नांदते आहे. बिशपचा शाप त्याला लागला नाही.

या कडक न्यायाधीशाने एका जागी मात्र माफी दिली आहे. स्तोत्रांच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात परमेश्वरासाठी ‘मोस्ट हायेस्ट’ असा शब्दप्रयोग येतो. नियमाने तो चूकच. पण लाउथ म्हणतो की इथे तो विशेष शोभून दिसतो, कारण जो सर्वोच्चाहूनही उच्च, त्याचे वर्णन आणखी कसे करणार? नियम घालणाऱ्यानेच नियमाला देवापुरती खिडकी ठेवली.

हे वाचताना मला आपल्याकडचा एक शब्द आठवला. संस्कृतात ‘श्रेष्ठ’ हे रूप मुळातच तमभावाचे; ‘सर्वांत उत्तम’ हा अर्थ त्यात आधीच आहे. तरी शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ आले आहे, म्हणजे इष्ठ आणि तम हे दोन्ही प्रत्यय एकाच शब्दावर. मराठीत ‘श्रेष्ठ’ साधे विशेषण होऊन बसले आणि आपण बिनदिक्कत ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणू लागलो. झिजलेल्या नाण्याला पुन्हा ठसा मारावा, तशी जोर ओसरलेल्या शब्दावर भाषा नवा प्रत्यय चढवते. शेक्सपिअरने तेच केले होते.

तुलनेच्या दुसऱ्या एका नियमाचा उगम तर आणखी नवलाचा आहे. मोजता येणाऱ्या वस्तूंना ‘फ्युअर’, न मोजता येणाऱ्यांना ‘लेस’, हा नियम आज प्रत्येक गाईडमध्ये ठळक अक्षरांत असतो. तो प्रथम सुचवला रॉबर्ट बेकर याने, १७७० साली. या गृहस्थाने प्रस्तावनेत आपली माहिती मोकळेपणाने दिली आहे : पंधराव्या वर्षी शाळा सोडली, ग्रीक येत नाही, लॅटिन बेताचे, जवळ पुस्तके नाहीत. त्याने नियम म्हणून काही सांगितलेही नव्हते. शंभरासारख्या संख्येबरोबर ‘फ्युअर’ आपल्याला अधिक चांगले आणि अधिक काटेकोर वाटते, एवढीच आवड नोंदवली होती. त्याच्या आधी जवळजवळ नऊशे वर्षे, इ.स. ८८८च्या सुमारास, आल्फ्रेड राजाने बोएथियसचा अनुवाद करताना शब्दांसारख्या मोजण्याजोग्या गोष्टीला ‘लेस’चे जुने रूप वापरले आहे. राजाची वहिवाट मागे पडली आणि शाळा सोडलेल्या माणसाची आवड नियम झाली.

काळाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. मराठीत ‘काळ’ हा एकच शब्द घड्याळातल्या वेळेलाही चालतो आणि क्रियापदाच्या रूपालाही. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आपल्या मुलांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण क्रियापदाचा काळ म्हणजे वेळ असे ती धरून चालतात. वास्तविक मराठीत तरी तसे कुठे आहे? आईने हाक मारली की मुलगा जागचा न हलता “आलो, आलो!” म्हणतो, रूप भूतकाळाचे आणि येणे अजून व्हायचेच. “उद्या येतो” यात रूप वर्तमानाचे आणि वेळ भविष्याची.

इंग्रजीत काळ किती, यावरही व्याकरणकारांचे एकमत नव्हते. गणितज्ञ जॉन वॉलिस याने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्याने काळ मोजले दोन, वर्तमान आणि भूत. प्रीस्टलीनेही दोनच धरले. लिंडले मरे याने सहा केले. आपल्या शाळेतल्या तक्त्यात तीन गुणिले चार असे बारा असतात. भाषा तीच, मोजणाऱ्याची फूटपट्टी वेगळी.

वॉलिसचे पुस्तक परकीयांसाठी होते. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या विदेशी वाचकाला मदत व्हावी, म्हणून त्याने ‘शॅल’ आणि ‘विल’ यांची पुरुषानुसार वाटणी करून दिली : मी आणि आम्ही यांच्याबरोबर ‘शॅल’ म्हणजे नुसते भाकीत, ‘विल’ म्हणजे वचन किंवा निर्धार, इतरांबरोबर नेमके उलटे. परक्यांच्या सोयीसाठी काढलेली ही वाटणी पुढे इंग्रज मुलांवरही लादली गेली आणि समुद्र ओलांडून आपल्या मॅट्रिकच्या मुलांपर्यंत आली.

ज्याने या सगळ्या नियमांची मोट बांधून ती घरोघरी पोचवली तो मरे स्वतः अमेरिकेचा. न्यूयॉर्कमध्ये वकिली करणारा हा माणूस प्रकृती ढासळल्यामुळे १७८४ साली इंग्लंडला आला आणि यॉर्कजवळच्या होल्गेट गावी राहिला. तिथल्या क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेतील शिक्षिकांना पुस्तक हवे होते. त्यांच्यासाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहिले आणि १७९७ साली अशुद्ध वाक्यांचा स्वतंत्र संग्रह व त्याची उत्तरे काढली. स्वतःला तो संकलकच म्हणवी. लाउथचे पुष्कळ त्याने उचलले होते. त्याच्या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. नमुना वाक्य, चूक, दुरुस्ती आणि शेवटी उत्तरसूची हा आजच्या सरावपुस्तकांचा साचा त्याच्या हातून पक्का झाला.

मरेच्या तेराव्या नियमापाशी मी थबकलो. वाक्यातल्या काळांचा परस्परांशी मेळ राहिला पाहिजे, असा तो नियम. त्याखाली त्याने एक अशुद्ध वाक्य दिले आहे : एका कुटुंबाची वीस वर्षांहून अधिक काळची आठवण सांगताना बोलणाऱ्याने साधा वर्तमानकाळ वापरला आहे. मरे सांगतो, इथे पूर्ण वर्तमान हवा.

मराठी वाचकाला ही चूक नवी नाही. “मी त्यांना वीस वर्षांपासून ओळखतो” हे आपले अगदी निर्दोष वाक्य. ते जसेच्या तसे इंग्रजीत नेले की परीक्षक तांबडी रेघ ओढतात. ही खास ‘हिंदी इंग्रजी’ची खूण आहे, मराठी डोक्यातून इंग्रजी काढल्याचा हा परिणाम आहे, असे आम्हाला लहानपणापासून सांगण्यात आले. आणि इथे यॉर्कच्या मुलींसाठी १७९५ साली लिहिलेल्या पुस्तकात तीच चूक बसलेली! त्या मुलींना मराठी येत नव्हते. घरात इंग्रजीच बोलणाऱ्यांच्या तोंडीही ती येत असली पाहिजे; कोणी करतच नाही ती चूक व्याकरणकार कशाला सुधारील?

मला या शोधाचे मर्म इथे वाटते. इंग्रजीतली ही ‘चुकीची वाक्ये’ मुळात इंग्रजांच्याच घरातली. ती दुरुस्त करण्याची चळवळ हा त्यांचा घरगुती मामला होता. वर चढू पाहणाऱ्या मध्यमवर्गाला प्रतिष्ठित बोली हवी होती आणि व्याकरण ही त्या जिन्याची पायरी होती. तोच माल जहाजातून मुंबई बंदरात उतरला, तेव्हा त्यावरची जुनी खूण पुसली गेली होती. आपल्यापुढे तो आला साहेबाचे उपजत शुद्ध इंग्रजी म्हणून. आणि चूक झाली ती नेटिवाची.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. तेव्हापासून इंग्रजीचा पेपर हा नोकरीचा, वकिलीचा, प्रतिष्ठेचा उंबरठा झाला. मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेतील जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांनी १९०७ साली एक पुस्तकच काढले. हिंदी लोकांच्या इंग्रजी लेखनातील वाक्प्रयोगांच्या चुकांचे परीक्षण हा त्याचा विषय. फिशरबाईंच्या पुस्तकात चूक वाक्याची होती. इथे ती एका देशाच्या नावावर चढली.

वारे एकाच दिशेने वाहत होते असेही नाही. आपले मराठी सुधारण्याचे काम त्याच काळात मेजर टॉमस कँडी या इंग्रजाकडे होते. शालेय पुस्तकांचे मराठी त्यांच्या नजरेखालून जाई, आणि मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांसारख्यांना त्या मराठीचा जाच वाटला, तोही प्रसिद्ध आहे. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली महाराष्ट्र भाषेचे व्याकरण रचले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा साचा त्यांच्यासमोर होता. एका भाषेची फूटपट्टी दुसरीला लावण्याचे फायदे-तोटे आपण दोन्हीकडून भोगले आहेत.

पुढे आले रेन आणि मार्टिन. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी हे जोडनाव एखाद्या कुलदैवतासारखे घेतले. त्यांतले पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. परदेशी पलटणीतल्या सैनिकांवरची ‘बो जेस्ट’ ही १९२४ची गाजलेली कादंबरी त्यांचीच. साहसकथा लिहिणाऱ्या माणसाचे नाव आमच्या पिढीला फक्त धडकी भरवणाऱ्या व्याकरणावरून ठाऊक असावे, हाही एक विनोदच.

मग काय, नियम सोडून द्यायचे? माझे म्हणणे तसे नाही. सगळ्या चुका एका वजनाच्या नसतात, एवढेच इतिहास शिकवतो. “पुण्यात पाच वर्षे राहिलो” आणि “पाच वर्षे राहतो आहे” यांत फरक आहे. इंग्रजीत तो क्रियापदाच्या रूपाने दाखवावा लागतो. कोर्टातल्या जबानीत ते रूप चुकले तर पत्ता बदलेल. ही चूक अर्थाची. ती सुधारलीच पाहिजे. “काल मी बाजारात गेलो होतो” यातला ‘होतो’ मराठीत जाऊन परत आल्याचे सुचवतो. इंग्रजीत तेच रूप नेले की ऐकणारा पुढच्या घटनेची वाट पाहत बसतो, कारण त्या भाषेत ते रूप एका भूतकाळाच्याही मागचा भूतकाळ सांगते. ही चूक दोन भाषांच्या सांध्यावरची. ती समजावून सांगावी, त्यासाठी हसू नये. आणि ‘लेस’-‘फ्युअर’सारखी चूक ही निव्वळ चालीरीतीची. पंगतीत मीठ डावीकडे वाढतात तशी ती पाळावी, पण कोणी उजवीकडे वाढले म्हणून त्याला अडाणी ठरवू नये.

संस्कृत व्याकरणात दोहोंत तुलना असेल तर ‘तर’ आणि अनेकांत असेल तर ‘तम’ असे पाणिनीने वाटून दिले होते. इंग्रजी शिक्षकही दोघांसाठी एक रूप आणि अनेकांसाठी दुसरे, असा आग्रह धरतात. मराठीने तो भेद विशेषणात ठेवला नाही. आपण ‘त्याच्यापेक्षा मोठा’ आणि ‘सर्वांत मोठा’ म्हणतो. ‘मोठा’ जागचा हलत नाही. प्रत्यय गेले, पण त्या दोहोंच्या जोडीतून झालेला एक शब्द मराठीने जपून ठेवला, आणि तो व्याकरणातून उचलून वागण्यात आणला. तो शब्द तारतम्य.

परवा माझी भाची बँकेच्या परीक्षेचा सराव करत बसली होती. दोन तुलना एकत्र आलेले वाक्य तिच्यापुढे होते. “मामा, हे चूक का?” तिने विचारले. मी तिला जॉन्सन सांगितला, लाउथ सांगितला, त्याने देवापुरती ठेवलेली खिडकी सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “म्हणजे उत्तर ‘क’च ना?”

“‘क’च,” मी म्हणालो. तिने गोल काळा केला.